घाटमाथ्यापर्यंतच

कोल्हापुरात 'सायकलनं गगनबावड्याला जाऊन आले' म्हटलं की समोरचा आधी विचारतो, "किती तासांत?" आणि तिकडे साळवणच्या पुढे एखाद्या आडगावात शिरलं की पारावरचा म्हातारा विचारतो, "कुणाकडं आलासा?" गेली सहा वर्षं आम्ही दोघी, म्हणजे मी आणि माझी नणंद, या दोन प्रश्नांच्या मधल्या 55 किलोमीटरांत सायकल चालवतो आहोत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आम्हांला कधी धड देता आलं नाही, कारण घड्याळ बघायचं राहून जातं. दुसऱ्याचं त्याहून अवघड. "कुणाकडं न्हाई, असंच" असं सांगितल्यावर म्हातारा आमच्याकडे बघतो, मग सायकलींकडे, मग परत आमच्याकडे, आणि कीव येऊन म्हणतो, "एस्टी चुकली व्हय?"

ही पुस्तिका त्या 'असंच'ची आहे. हिच्यात नऊ वाटा आहेत. पहिली कोल्हापूरहून निघते आणि मुक्काम करत दोन दिवसांत गगनबावड्याला पोचते. उरलेल्या आठ साळवणपासून किंवा खुद्द गगनबावड्यापासून सुरू होऊन तिथंच परत येतात. त्यांतली एकही अशी नाही, की जी पुरी करून आल्यावर कुणी तुमचा सत्कार करील.

आपल्याकडे सायकलीला जोडून येणारा शब्द आहे 'मोहीम'. कोल्हापूर तर मोहिमांचंच गाव. पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड, मग सायकलवरून पंढरपूर, पुढे कुणी कन्याकुमारीला निघतो. निघताना नारळ फुटतो, पोचल्यावर फोटो निघतो. या लोकांबद्दल मला आदर आहे. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे, अशा 'ब्रेव्हे'ला जाणारी मंडळी आमच्या गल्लीतही आहेत, आणि पहाटे चारला त्यांच्या दिव्यांचा लखलखाट खिडकीवरून जातो तेव्हा मी कूस बदलून त्यांना मनोमन शुभेच्छा देते. पण मोहिमेत वाट ही जिंकायची गोष्ट असते. मराठीत दुसरा एक शब्द आहे, तो घोड्याबरोबर अडगळीत गेला: रपेट. रपेटीला निघालेला माणूस कुठं पोचायला निघालेला नसतो. घोडा मोकळा करायचा, रान बघायचं आणि दिवस कलला की परतायचं. सायकलीला तो शब्द चपखल बसतो. नणंदेला मात्र तो फार सरदारी वाटतो. ती म्हणते, "वैनी, सरळ फेरफटका म्हणा की."

आम्ही काही नवीन शोधलेलं नाही. फ्रान्समध्ये सेंत-एतिएन गावात पॉल द व्हिव्ही नावाचा एक गृहस्थ होता (1853–1930). रेशमाचा धंदा सोडून त्यानं सायकलींचा धंदा धरला, 'व्हेलोसिओ' या नावानं तो लिहू लागला आणि सायकलवरचा प्रवास हा शर्यतीपेक्षा वेगळा छंद आहे हे त्यानं लोकांच्या गळी उतरवलं. सायकलीला गियर हवेत म्हणून तो आयुष्यभर भांडला. शर्यतवाल्यांना ते बायकी वाटे. 'तूर द फ्रान्स'मध्ये गियर बदलण्याच्या यंत्रणेला परवानगी मिळाली ती थेट 1937 साली, तो गेल्यावर सात वर्षांनी. अतोनात दमेपर्यंत चालवू नये, भूक लागण्याआधी खावं आणि मोठेपणासाठी पायडल मारू नये, अशा अर्थाचे नियम त्यानं घालून दिले होते. यांतला मधला नियम नणंद त्याचं नावही ऐकण्यापूर्वीपासून कसोशीनं पाळते. तिच्या कॅरियरला बांधलेल्या पिशवीत भडंग, शेंगदाण्याची पोळी आणि लसणाची चटणी नसेल तर ती उंबरा ओलांडत नाही.

आता रस्त्याविषयी. कोल्हापूर–गगनबावडा हा रस्ता नकाशात राष्ट्रीय महामार्ग 166 जी आहे, आणि बहुतेकांच्या लेखी तो कोकणात उतरायचा रस्ता आहे. गाडीत बसलं की कळेपर्यंत गप्पा होतात, साळवणला डुलकी लागते आणि जाग येते ती करूळ घाटाच्या वळणावर. सायकलवर कळतं की हा रस्ता म्हणजे उलटी वाहणारी नदी आहे. रंकाळ्याला वळसा घालून फुलेवाडी सोडली, बालिंग्याच्या पुलावर भोगावती ओलांडली आणि कळे गाठलं की कुंभी सोबतीला येते. प्रयाग चिखलीच्या संगमात ज्या नद्यांची पंचगंगा होते, त्यांतली ही एक. ती गगनबावड्याच्या डोंगरांतून खाली येते, आपण तिच्या अंगानं वर जातो. नदीची चाल धरल्यामुळे चढ अंगावर येत नाही. मांड्यांना कळायच्या आत उंची मिळालेली असते.

आणि काठावरचं रान बदलत जातं. कुडित्र्याच्या आसपास सगळा ऊस. हिवाळ्यात गुऱ्हाळाचा वास रस्त्यावर इतका दाट असतो की त्यातून सायकल ढकलावी लागते असं वाटतं. काहिलीवरचा फेस, चुलवाणात जाणारं चिपाड, आणि कुणी ओळखीचं निघालं तर वाटीभर काकवी. कळे मागं पडलं की उसाच्या जोडीला भात येतं. साळवण, मांडुकली, असळज असं पुढं जाल तसं भात वाढतं, डोंगराच्या उतारावर नाचणीचे तुकडे दिसू लागतात, घरांची कौलं खाली झुकतात, भिंतींना पावसाळ्यासाठी झडप बांधलेली असते. हे सगळं पावसानं केलेलं आहे. कोल्हापूर शहरात वर्षाला 1000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; गगनबावड्यात 5000 मिलिमीटरहून जास्त. म्हणजे 55 किलोमीटरांत पाऊस पाचपट होतो. मोटारीच्या तासाभरात हा फरक एका झटक्यात येऊन आदळतो. ताशी दहा-बारा किलोमीटरनं गेलं तर बांधाबांधानं दिसतो. आमच्या 'असंच'ला काही कारण द्यायचंच झालं तर हे आहे.

वाटांमध्ये तुम्हांला वारंवार 'बंधाऱ्यावरून पलीकडे' असं लिहिलेलं सापडेल. ज्यांनी कोल्हापूर पद्धतीचा बंधारा जवळून पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. नदीच्या पात्रात दगडी खांबांची रांग असते, खांबांच्या अंगाला खाचा. पाऊस ओसरला की त्या खाचांत एकावर एक बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवतात, दोन ओळींत, आणि मधल्या पोकळीत माती ठासतात. झालं धरण. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढून घेतात, नदी मोकळी. जगभर भिंती बांधून पाणी अडवतात. इथं नदीला दर वर्षी दार लावतात आणि दर वर्षी उघडतात. कुंभीवर कळे, शेणवडे, मांडुकली असे बंधारे आहेत. खांबांवरून जाणारी अरुंद फरशी ही सायकलवाल्याची खरी चैन. ट्रक त्यावर येऊ शकत नाही. एका अंगाला काठोकाठ हिरवं पाणी, एरंडाच्या पानावर डोकं ठेवून झोपल्यासारखं निवांत. दुसऱ्या अंगाला तीन-चार पुरुष खाली उघडं पात्र, बरग्यांच्या फटींतून सुटलेल्या चिळकांड्या, आणि त्या चिळकांड्यांखाली धुणं धुणाऱ्या बायका. एकदा आम्ही डिसेंबरात बरोबर मध्यावर थांबलो होतो. खालून एक बाई ओरडली, "ए बायांनो, पडशीला!" आणि मग, आम्ही पडत नाही असं दिसल्यावर, "कुणाकडं आलासा?"

पण खरा विषय तळ्यांचा. गगनबावडा तालुका माणसांच्या मानानं जिल्ह्यातला चिमुकला. 2011 च्या जनगणनेत सगळी मिळून 36 हजारांच्या आत. पाणी मात्र अफाट. लखमापूरला कुंभीवरचं धरण, 2.71 टीएमसीचं. त्याशिवाय अणदूर, वेसरफ आणि कोदे हे तीन लहान तलाव. कोदे तर अवघं 0.21 टीएमसी. युरोपात कॉन्स्टन्स सरोवराभोवती तीन देशांतून फिरणारा अडीचशे किलोमीटरांहून लांब सायकलमार्ग आहे, जागोजाग पाट्या आणि बाक. आमच्या तळ्यांकडे त्या अपेक्षेनं कुणी येऊ नये. इथलं तळं हे कामाचं तळं आहे. बांधाच्या माथ्यावरून एक मुरमाड वाट जाते, तिच्या टोकाला सांडवा, आणि सांडव्यापलीकडे वाट संपते. पुढे आहे ती गुरांनी पाडलेली, पाण्याच्या कडेनं, दर महिन्याला जागा बदलणारी पाऊलवाट. तिच्यावर निम्मा वेळ सायकल चालवायची, निम्मा वेळ हातात धरायची. बांधावर सायकल नेण्यापूर्वी तिथल्या माणसाला विचारावं. पावसाळ्यात तर बांधाच्या वाटेला जाऊच नये.

अणदूरचं तळं मी किती वेळा पाहिलं याचा हिशेब नाही, पण एक सकाळ सांगते. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा असेल. धुकं इतकं की पुढे गेलेली नणंद नुसती ऐकू येत होती. तिच्या सायकलीच्या मागच्या चाकाला आऊट आहे. दुकानदारानं तीनदा काढला, तीनदा परत आला. त्यामुळे चाक एका ठिकाणी मडगार्डला घासतं आणि 'खर्र… खर्र…' असा आवाज ठरावीक अंतरानं येतो. त्या आवाजामागून मी चालले होते. मग तो थांबला. मीही उतरले. पाणी दिसत नव्हतं, त्याचा गार श्वास तेवढा लागत होता. पलीकडच्या झाडीत शीळकरी कस्तूर शीळ घालत होता, तोच तो आळसावलेल्या पोरासारखा सूर, मध्येच विसरणारा. हळूहळू धुकं पाण्यावरून उचललं. आधी काठाचा चिखल दिसला, मग त्यावर गव्यांच्या खुरांचे ताजे ठसे, प्रत्येकात पाणी साठलेलं. ते ठसे आमच्याच वाटेनं पुढे गेले होते. नणंद हळूच म्हणाली, "आपण मागं फिरू या." फिरलो. मोहीम असती तर नाव बुडालं असतं.

गव्याबद्दल इथंच सांगून टाकते, कारण सायकलीचा आवाज होत नाही आणि धोका तिथंच आहे. संध्याकाळी आणि पहाटे गवे शेतांत उतरतात. वळणावर घंटी वाजवत जावं. पण गवा समोर दिसला तर घंटी, मोबाईल, आरडाओरडा सगळं बंद. पाय टेकावा, लांब उभं राहावं, तो जाईपर्यंत वाट बघावी. वाट त्याची आहे.

इतिहासाची हौस असलेल्यांसाठी दोन वाटा ठेवल्या आहेत. गगनगडाविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून थोडक्यात उरकते: शिलाहार भोज राजाच्या नावानं सांगितला जाणारा किल्ला, गगनगिरी महाराजांचा मठ, गैबी पिराचं ठाणं, आणि वरून करूळ आणि भुईबावडा हे दोन्ही घाट दिसतात. मला जास्त ओढ पळसंब्याची. तिथं ओढ्याच्या पात्रात मोठमोठ्या शिळा आहेत आणि त्या शिळांनाच कोरून मंदिरांचा आकार दिला आहे, रामलिंग म्हणतात. पाणी त्यांना वळसा घालून जातं. शेवटचा उतार खडबडीत आहे, सायकल झाडाला लावून चालत गेलेलं बरं.

आणि ही बावड्याची जहागीर पंत अमात्यांची. रामचंद्रपंतांनी 1715 च्या सुमारास 'आज्ञापत्र' लिहिलं, त्यात गडाकडे जाणारे रस्ते सोपे असू नयेत, सोपे असतील तर मोडावेत आणि वर झाडी वाढू द्यावी, अशी शिकवण आहे. आंबा-फणसाची झाडं तोडू नयेत, ती वाढवायला रयतेला किती वर्षं लागतात, हेही त्यातच आहे. पहिल्या शिकवणीचं आता कुणी ऐकत नाही. करूळ घाट 2024 च्या जानेवारीत काँक्रीटीकरणासाठी बंद झाला तो वर्षभर. जड वाहनं दुसऱ्या घाटांनी वळवली होती. आमच्या सहा वर्षांतलं ते सगळ्यात निवांत वर्ष. रस्ते चांगले व्हायला हवेत हे मला कळतं, अडलेली बाळंतीण कोल्हापूरला न्यायची असते तेव्हा निवांतपणा काही कामाचा नसतो. तरी पंत मनात एकदा हसले असतील.

आता ज्या गोष्टीवरून मला सगळ्यात जास्त बोलणी बसली आहेत ती. या पुस्तिकेतली एकही वाट घाट उतरत नाही. सगळ्या घाटमाथ्यावर थांबतात. "अहो, मजा तर उतरण्यात आहे!" असं ज्यांना वाटतं त्यांनी उतरावं, करूळही आहे, भुईबावडाही आहे. आम्ही एकदा उतरलो होतो. पहिल्याच वर्षी, भुईबावड्यानं, एप्रिलमध्ये. आदल्या दिवशी एका दुकानातून ब्रेक 'टकाटक' करून आणले होते. सहाव्या की सातव्या वळणानंतर माझा मागचा ब्रेक दाबला तरी नुसताच पोकळ लागू लागला. उतरून बघितलं तर रबर झिजून धातू रिमवर घासत होता, आणि रिमला हात लावला तर चटका बसला. उरलेला घाट आम्ही सायकली हातात धरून उतरलो. दरी बघितली नाही, करवंदीच्या जाळ्या बघितल्या नाहीत. दोन तास नुसतं स्वतःचं पुढचं चाक बघितलं. खाली गेल्यावर प्रश्न आला, वर कसं यायचं? देवगडहून कोल्हापूरला हापूस घेऊन निघालेल्या एका पिकअपवाल्यानं दोन्ही सायकली पेट्यांवर आडव्या टाकल्या आणि आम्हांला पुढे घेतलं. त्यालाही पहिला प्रश्न 'कुणाकडं?' हाच पडला होता. नणंदेनं सांगितलं, "माहेरी." मी चमकून बघितलं. ती म्हणाली, "वैनी, गप बसा. याला असंच सांगितलं तर हा घाटभर मागं वळूनवळून बघंल."

तेव्हापासून माथा ही आमची हद्द. कोकण कड्यावरून बघायचं, टपरीवर चहा घ्यायचा आणि सायकल पूर्वेकडे वळवायची.

थोड्या व्यवहाराच्या गोष्टी. जुलै-ऑगस्टात येऊ नका. पावसानं जोर धरला की मांडुकली, खोकुर्ले, किरवे इथं रस्त्यावर कुंभीचं पाणी येतं आणि वाहतूक थांबते. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत सोन्याचे दिवस: भात पिवळं, तळी भरलेली, ऊस अजून उभा. साखर कारखाने सुरू झाले की मुख्य रस्त्यावर दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर येतात, आणि त्यांच्या गाण्याच्या आवाजात तुमची घंटी ड्रायव्हरला ऐकू येणं शक्य नसतं. मागची ट्रॉली वळणावर आत ओढली जाते, म्हणून त्यांना ओव्हरटेक करायचं नाही, रस्ता सोडून उभं राहायचं. उसाच्या बैलगाडीमागून मात्र खुशाल जावं. तिची आणि आपली चाल एकच. बीडकडून आलेली जोडपी असतात, गाडीवर वाढ्यांचा बिछाना, त्यावर झोपलेलं पोर. सोबतीनं पाच किलोमीटर गेलं की ती बाई स्वतःहून उसाचं कांडं काढून देते.

सायकल कोणतीही चालेल. माझीला 21 गियर आहेत आणि त्यांतले चार मी वापरते. नणंदेची काळी, बिनगियरची, तिच्या कॉलेजच्या वेळची. चढ आला की ती उतरते आणि चालते, आणि चालताना ती ज्या गोष्टी बघते त्या मला घरी आल्यावर कळतात; पुस्तिकेतल्या झाडापेडांच्या निम्म्या नोंदी तिच्या आहेत. पंक्चरचं सामान, पंप आणि जास्तीची ट्यूब जवळ ठेवा. मोटरसायकलीचं पंक्चर काढणारे वाटेत भेटतात, पण त्यांच्याकडच्या यंत्राची हवा सायकलीच्या ट्यूबला सोसत नाही. साळवणच्या अलीकडे माझी एक ट्यूब बंदुकीसारखी फुटली, आणि दोन कुत्री व एक कोंबडा अजून मला ओळखतात.

नकाशे नणंदेनं हातानं काढले आहेत. ते प्रमाणात नाहीत, छापण्यापूर्वी कुणीतरी ते संगणकावर 'नीट' करून देतो म्हणाला होता, तिनं दिले नाहीत. कोद्याच्या तलावाचा काठ तिला दर खेपेला वेगळा दिसायचा. एकदा खोडला, दोनदा खोडला, शेवटी कागद फाटला. मग तिच्या लक्षात आलं की चूक हाताची नाही, पाणी तसं तसं मागं सरकतंय. म्हणून प्रत्येक तळ्याला दोन रेषा आहेत. सलग रेषा ऑक्टोबरच्या काठाची, तुटक रेषा मेच्या काठाची. मधल्या पांढऱ्या पट्ट्यात तिनं बारीक अक्षरांत लिहिलं आहे तेही वाचा: कुठं चिखल पायाला धरतो, कुठं कुणी वैरण पेरलेली असते आणि सायकल उचलून न्यावी लागते.